मामीनं धुतलेल्या रिंगा

माझा मामा गाड्यांचा मेकॅनिक असला तरी स्वभावानं पक्की खाष्ट सासू. गॅरेजात कुणी एक पाना जागचा हलवला की दिवसभर त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू. मामीला तर तिथं सक्त मनाई. ती चहा घेऊन दारापर्यंत जायची आणि "कशाला हात लावू नकोस" एवढं ऐकून परत फिरायची. तिला याचं काही वाटायचं नाही म्हणे. मला मात्र भयंकर राग यायचा.

मग मामाला अर्धांगवायूचा झटका आला. त्यातून तो उठला, हिंडूफिरू लागला, पण उजव्या हाताची थरथर काही गेली नाही. स्क्रू धरायला जावं तर तो घरंगळून कोपऱ्यात. हाताखालची माणसं त्याच्या बोलण्याला कंटाळून केव्हाच पळाली होती. शेवटी एका सकाळी त्यानं नाइलाजानं हाक मारली, "अगं, जरा इकडे ये. हे धर."

मामी आत गेली ती गेलीच. त्याचा जुना डगला अंगात चढवून ती पाने ओळखायला शिकली, नट किती आवळायचा ते मनगटानं जोखायला शिकली. माझं छपाईचं दुकान शेजारीच. दुपारी चहाला डोकावलं की दोघं इंजिनात डोकी खुपसून बसलेली दिसायची, आणि मामी चक्क गुणगुणत असायची.

अशात टेकडीवरच्या वस्त्यांवर फिरणाऱ्या नर्सबाईंची जीप आली. इंजिन खडखडत होतं. बेअरिंग गेली होती, म्हणून सगळंच खोललं. मामानं पिस्टनच्या रिंगाही तपासल्या. पिस्टनवर बसणाऱ्या या कड्या झिजल्या की इंजिन तेल पितं आणि धूर ओकतं. या मात्र ठणठणीत होत्या. "याच घालू," मामा म्हणाला आणि प्रत्येक सिलिंडरच्या रिंगा त्यानं वेगवेगळ्या खिळ्यांना अडकवल्या. रिंग ज्या सिलिंडरात घासून बसलेली असते, तिथंच तिचं जमतं. हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलेलं की मामीला सांगायचं राहूनच गेलं.

तो बेअरिंग आणायला बाजारात गेला. मामीनं सगळ्या रिंगा काढल्या, रॉकेलमध्ये घासून लख्ख केल्या आणि घरात भांडी लावतात तशा लावल्या: जाडांत जाड, पातळांत पातळ. सगळ्या सिलिंडरांच्या एकत्र.

मामा आला तेव्हा मी तिथंच होतो. "बघा, कशा चकचकीत झाल्यात!" मामी म्हणाली.

मामानं रिकाम्या खिळ्यांकडे पाहिलं. "कुठली कुठल्या खिळ्याची?"

"असं काय विचारता? सारख्याच तर आहेत..." आणि त्याचा चेहरा पाहून ती तिथंच थांबली. मग तिनं डगला काढला, खुंटीला लावला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. संपलं, मला वाटलं. आता ही बाई पुन्हा दाराबाहेरच.

मामा बराच वेळ त्या रिंगा बोटांनी उलटसुलट करत राहिला. तशाच बसवल्या असत्या तर इंजिन चालू झालं असतं. धूर निघाला असता तो पुढे कधीतरी, चढावर. तोवर कुणाला कळलं असतं? पण मग लोक म्हणाले असते, बायकोला हाताशी घेतलं आणि कामाची वाट लागली.

त्यानं नर्सबाईंना फोन लावला. "बाई, गाडीला उशीर होईल. नव्या रिंगा घालतोय. जुन्या मिसळल्या."

"कुणी मिसळल्या?"

"गॅरेजनं," मामा म्हणाला आणि फोन ठेवून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. "चल."

"मी नाही येत. अजून काहीतरी बिघडवीन."

"शिकत होतो तेव्हा मी रिंगा उलट्या बसवल्या होत्या. सगळ्या. गाडी धूर सोडत परत आली, उस्तादांनी रस्त्यावर कान धरला."

"हे कधी बोलला नाहीत!"

"बोलायला काय, माझा सत्कार झाला होता?"

मामी हसली. माझा जीव तेव्हा कुठं भांड्यात पडला.

सिलिंडर आतून आरशासारखे गुळगुळीत झाले होते. नवी रिंग अशा भिंतीला धरत नाही. डगला पुन्हा चढवून मामीनं ते घासायच्या बारीक दगडानं हलके खरवडले. वरच्या काठाला झिजेची पायरी राहिली असेल तर नवी रिंग आपटून तुटते, म्हणून मामानं तिला तिथं नख फिरवायला लावलं. "अडकतं?" "नाही अडकत." त्यानं स्वतः फिरवून पाहिलं नाही. इतक्या वर्षांत त्याला कुणाचं म्हणणं असं खरं मानताना मी पाहिलं नव्हतं. रिंगा बसवताना मामीच्या कपाळावर घाम डवरला होता, पण एकही तुटली नाही.

जीप चालू झाली तेव्हा आधी निळा धूर आला. मामीनं माझा दंड आवळला. "जळू दे, बसवताना लावलेलं तेल आहे ते," मामा म्हणाला. धूर विरळ झाला आणि इंजिन एका लयीत चालू लागलं.

नर्सबाई जीपमध्ये बसल्या. "वाटेत काही झालं तर तुम्हालाच फोन करते हं."

"मला कशाला? इंजिन हिनं बांधलंय. हिचा नंबर घ्या."

नर्सबाईंनी मोबाइल काढला आणि मामीकडे पाहिलं. मामीनं डगल्याला हात पुसले, सांगायला सुरुवात केली आणि मध्येच अडली. स्वतःचा नंबर तिला पाठच नव्हता. आजवर तो तिला कुणी विचारलाच नव्हता.