पटले सरांचं सोवळं

पटले सर कुणाशी हात मिळवत नसत. प्रयोगशाळेच्या दारात कुणी हात पुढे केला, की निळे हातमोजे घातलेले दोन्ही हात वर धरून, पोलिसांनी पकडल्यासारखे उभे राहत. गोंदियाच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवतो, ते वनस्पतिशास्त्र. "हे सोवळं कशासाठी?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "तुमच्या बोटाचा घाम लागला का आरएनए मरते, बापा."

मग मला समजेल अशा भाषेत त्यांनी सांगितलं. "करपा आला तं धान पळून जाईन का? थो जाग्यावरच चिठ्ठ्या लिहिते. तेच आरएनए. काही बारक्या चिठ्ठ्या बुरशीत घुसतेत अन् तिचे हुकूम फाडून टाकतेत. लढाई सरली का चिठ्ठ्याही गायब."

चोरखमारा गावाजवळ एका गोंड म्हातारीच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, एक जुनं धान होतं. शेजारच्या बांध्या करप्याने जळत, तिची हिरवी राही. ऐन करप्यात सरांनी त्याची पानं गोठवून आणली. पुढे म्हातारी वारली आणि उरलेलं बी घरच्यांनी कांडून खाल्लं. ते धान कसं तगत होतं, याचं उत्तर आता फ्रीजरमधल्या नळ्यांच्या एका पेटीत उरलं होतं, उणे ऐंशी अंशांवर.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजन होतं. शस्त्रं नसल्यामुळे सूक्ष्मदर्शक पुजतात. त्या वर्षी प्रमुख पाहुणे येणार होते, म्हणून प्राचार्यांनी फर्मावलं, विभागातली सर्वांत मौल्यवान वस्तू मधोमध ठेवा. परिचर रामलालने श्रद्धेने पेटी काढली, पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं. पाहुणे तीन तास उशिरा आले आणि विज्ञान व संस्कृतीच्या संगमावर बोलले. सर बांधीवर गेले होते, ते प्रसादाच्या वेळेला पोचले.

पाटावर पाणी साचलं होतं.

"काऊन काढली?" सरांनी हळूच विचारलं.

"तुमचा जीव होता न सर तिच्यात, म्हून," रामलाल म्हणाला.

यावर रागावणार कसं? सरांनी पेटी परत फ्रीजरमध्ये ठेवली. महिनाभर तपासत राहिले. प्रत्येक नळीत चिठ्ठ्यांचा नुसता चुरा निघाला.

पुढच्या खंडेनवमीला, निवृत्तीच्या आदल्या महिन्यात, त्यांनी स्वतःच पेटी बाहेर आणली, उघड्या हातांनी. प्राचार्य खूष झाले. "वा, आज हातमोजे नाहीत?"

"मुडद्याले कायचं सोवळं, साहेब."

पेटी पाटावर ठेवून ते माझ्याकडे वळले आणि हात पुढे केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तो इतका गार होता की मला लगेच सोडावासा वाटला.