लाल दिव्यापाशी थांबलेलं पान

टेबलावर नखानं दोनदा टकटक, मग क्षणभर थांबून, "आवाज यायलाय का?"

काका माझ्या दुकानात शिरले की पहिलं हे. समोर माइक नसायचा, माझा जुना मॉनिटर असायचा. पण अर्धं आयुष्य पूर्णा जंक्शनवर घोषणा देण्यात गेलेला माणूस. स्वतः निवृत्त झाले तरी त्यांची बोटं झाली नव्हती. त्यांच्या प्रश्नाचा अर्थ एवढाच, की आपली वेबसाइट लोकांना सापडते आहे का, ते बघा.

त्यांचं नाव सांगत नाही. पूर्णेतही त्यांना नावानं हाक मारणारे थोडेच होते. तुमच्या गावात असा एखादा असेलच, ज्याचं आडनाव विचारलं तर लोक डोकं खाजवतात आणि घर मात्र बरोबर दाखवतात.

मी परभणीत वेबसाइट बनवून देते. मंगल कार्यालयं, शिकवण्या, बी-बियाण्याची दुकानं, येलदरीकडचा एक मासेवाला, असं माझं गिऱ्हाईक. काका एकदा सकाळच्या पॅसेंजरनं आले आणि खुर्चीवर न बसता म्हणाले, "ताई, मला एक वेबसाइट पाहिजे."

"कशाची?"

"हरवलेल्या माणसांची."

मी त्यांना चहा मागवला. माझ्या धंद्यात विक्षिप्त माणूस आला की मी आधी चहा मागवते. तेवढ्यात त्याला कसं वाटेला लावायचं ते सुचतं. चहा संपेपर्यंत मी काम घेतलं होतं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. स्टेशनवर आता घोषणा यंत्र देतं. "त्यातली बाई चांगलं बोलती. माझ्यापेक्षा साफ बोलती. पण तिला गाड्याच मालूम. माणूस हरवलं तर ती काय सांगणार?" पूर्णेला तीन दिशांच्या गाड्या येतात. चुकीच्या डब्यात बसलेलं माणूस पुष्कळदा तिथंच उतरतं, नाहीतर उतरवलं जातं. ज्यांना गाव सांगता येत नाही, आपलं नावही सांगता येत नाही, अशी माणसं स्टेशनमागच्या निवारागृहात येऊन पडायची. काका रोज दिवेलागणीला तिथं जाऊन बसायचे. पूर्वी ते माइकवरून सांगत. आता सांगायला जागा नव्हती, म्हणून वेबसाइट.

प्रत्येक माणसाला एक पान. फोटो, अंगावरचे कपडे, हातावरचं गोंदण, तोंडी येणारे शब्द. हे लिहिण्याआधी काका उभे राहायचे, एक हात कानावर ठेवायचे आणि सगळं मोठ्यानं म्हणायचे. "लक्ष द्या! अंदाजे साठ वर्षांचे गृहस्थ, डोक्याला पांढरा रुमाल..." शेजारचा चष्मेवाला दारात येऊन बघायचा. मी म्हणायचे, "काका, हळू. इथं फलाट नाही." तर म्हणायचे, "हळू सांगितल्यानं कोण सापडलंय आजवर?"

एकदा ते फार परेशान होऊन आले. टकटक करायचंही विसरले. "ताई, आवाज बंद पडला." खरंच पडला होता. आदल्या आठवड्यापर्यंत गूगलवर दिसणारी त्यांची सगळी पानं शोधातून गायब. मी माळा उपसावा तशी वेबसाइट उपसली. पानं शोधात नीट यावीत म्हणून वेबसाइटला एक छोटा प्रोग्राम जोडतात, त्याला प्लगइन म्हणतात. मी एक जोडलेलाच होता. काकांच्या ओळखीच्या कुणी हौशी माणसानं "हा जास्त चांगला" म्हणून तसलाच दुसरा आणून बसवला होता. आता दोघे मिळून गूगलला एकाच पानाबद्दल वेगवेगळं सांगत होते. एक म्हणे दाखव, दुसरा म्हणे दाखवू नको. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी गत.

मी समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकाच म्हणाले, "म्हंजी एका माइकवर दोन माणसं बोलायलेत."

"अगदी तसंच."

"मग एकाला उतरवा की खाली."

उतरवला. दोन-चार दिवसांत पानं परत दिसू लागली. काकांनी पूर्णेहून पेढे आणले आणि मला ते चष्मेवाल्यालाही द्यायला लावले.

त्यानंतर मी त्यांना मोबाइलवरून स्वतः पान लिहायला शिकवलं. दर वेळी त्यांना परभणीपर्यंत हेलपाटा कशाला. शिकले, आणि नेटानं शिकले. त्यांची पानं एकामागून एक वर येत गेली. कुणाचा भाऊ आला, कुणाचे शेजारी आले. प्रत्येक वेळी मला फोन यायचा, "ताई, एक गाडी लागली बरं का घरच्या फलाटाला."

मग ती म्हातारी आली.

पोळ्याच्या सुमाराला ती पूर्णेच्या स्टेशनवर बसलेली सापडली. हिरवं लुगडं, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. नाव विचारा, गाव विचारा, एकच बोलायची, तेही दिवेलागणीलाच, दाराकडे बघून: "शेरडं आली का?" उत्तर नाही मिळालं की गप्प बसायची. काका तिच्याजवळ तासनतास बसायचे. शेळ्यांचे रंग विचारायचे, लेकरांची नावं विचारायचे. एक शब्द जास्त मिळाला नाही.

तिच्याबद्दल ते मला फोनवर सांगत होते. मी विचारलं, "पान टाकलं का?" म्हणाले, "लिहिलंय." मी समजले टाकलं.

संक्रांतीनंतर एका दुपारी काका दारात उभे. चेहरा उतरलेला. म्हातारीला ताप होता, अन्न सुटलं होतं. "ताई, तिचं पान काही दिसायलं न्हाई. काही तरी इंतजाम करा. बाई जायच्या आधी तिचं माणूस यायला पाहिजे. माझं दुसरं काही मागणं न्हाई."

मी नेहमीच्या गोष्टी तपासल्या. दुसरा प्लगइन पुन्हा घुसलाय का? नाही. पान शोधापासून लपवलंय का? नाही. वेबसाइटच्या पानांची यादी गूगलला जाते का? जात होती, तीत बाकी सगळी पानं होती, फक्त हिचं नव्हतं. मग मी पानच उघडलं. वर लिहिलं होतं: मसुदा.

"काका, हे पान तुम्ही प्रसिद्धच केलं नाही. नुसतं लिहून ठेवलंय."

"कसं करणार? सिग्नल लाल हाय ना."

मला कळायला वेळ लागला. हा प्लगइन प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक दिवा दाखवतो. मजकूर भरपूर असेल, मुख्य शब्द चार ठिकाणी आला असेल, तर हिरवा. थोडं कमी असेल तर पिवळा. नाहीतर लाल. तो नुसता सल्ला असतो. मी तर त्या दिव्याकडे बघतसुद्धा नाही. लाल असला तरी पान खुशाल जातं. पण काका रेल्वेतले. बाकीच्या माणसांबद्दल सांगण्यासारखं काहीबाही असायचं, त्यामुळे दिवा पिवळा-हिरवा होत होता आणि पानं जात होती. या म्हातारीबद्दल सांगण्यासारख्या होत्या चार ओळी. प्लगइन म्हणत होता, मजकूर फार कमी आहे. आणि काका पोळ्यापासून त्या लाल दिव्यापुढे थांबले होते.

"अहो, दोन ओळी कुठल्याही घालायच्या होत्या!" मी ओरडलेच.

"बनवून कसं सांगावं? चुकीच्या फलाटाची घोषणा केली की माणसं जिन्यावरून पळतात, ताई. पडतात."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. पण खोटं बोलायचं नाही आणि लाल दिवा ओलांडायचा नाही, या दोन चांगल्या सवयींनीच त्या बाईची वाट अडवली होती. मी बटण दाबलं. पान गेलं. दिवा लालच होता.

काका बघत राहिले. "असं जातंय व्हय लालवर?" एवढंच म्हणाले, आणि खुर्चीचा हात धरून बसले.

म्हातारी त्याच आठवड्यात गेली. काकांनीच तिला खांदा दिला. तिला माती देऊन ते घरी आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. बोरीजवळच्या वस्तीवरून. शेळ्या राखणारा माणूस, तिचा मुलगा.

काकांनी मला पूर्णेला बोलावलं. "तुमी या. मला एकट्याला सांगता यायचं न्हाई." मी गेले.

निवारागृहाच्या ओसरीत तो बसला होता. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, खांद्यावर घोंगडी. आईला परभणीच्या दवाखान्यात आणलं होतं. हा औषध आणायला गेला, तेवढ्यात ती उठून कुठं गेली. यानं जिंतूर पालथं घातलं, परभणी पालथी घातली. "गाडीत बसंल असं मनातच आलं न्हाई हो. तिनं जन्मात आगगाडी पाहिली नव्हती." मग कुणी सांगितलं, हरवलेल्या माणसांचं मोबाइलवर येतं. तेव्हापासून दर बाजारी तो बोरीतल्या मोबाइलच्या दुकानात जायचा. "म्हणायचो, बघ रे बाबा, माझी माय आली का त्यात. दुकानदार बघायचा. न्हाई म्हणायचा. ह्या बाजारी बघितलं, तर माय दिसली."

दर बाजारी. मी काकांकडे बघू शकले नाही.

काका उभे राहिले. सवयीनं हात कानाकडे गेला, तो त्यांनी खाली घेतला. ओसरीच्या खांबावर नखानं दोनदा टकटक केली. तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. अख्ख्या जंक्शनला ऐकू जाणारा तो आवाज. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला.

"गाड्या उशिरा यायच्या, तवा मी रोज म्हणायचो, होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. लोक शिव्या द्यायचे. मला काही वाटायचं न्हाई, उशीर माझा नसायचा." ते थांबले. "हा उशीर माझा हाय, बाबा. तुझ्या मायचं पान पोळ्यापासून तयार होतं. मी थांबवून धरलं. जिम्मेदारी माझी."

आता हा माणूस उठणार, काकांची गचांडी धरणार, असं मला वाटलं. धरली असती तरी मी काय म्हणणार होते?

त्यानं खांद्यावरची घोंगडी काढून मांडीवर घेतली. मग म्हणाला, "काही बोलायची का माय?"

"एकच. रोज दिवेलागणीला इचारायची, शेरडं आली का."

त्यावर त्या माणसाचा चेहरा असा झाला की मी पदर डोळ्यांना लावला. तो म्हणाला, "शेरडं घेऊन मीच यायचो. ल्हानपणापासून. ती घरातून कधी माझं नाव घ्यायची न्हाई, शेरडं आली का इचारायची. म्हंजी मी आलो का."

मग तो काकांच्या पायाशी वाकला. काकांनी त्याला वरच्यावर धरलं आणि ते दोघे तसेच उभे राहिले.

निघताना काका म्हणाले, "ते पान आता काढून टाकतो." तो घाईनं म्हणाला, "नगा काढू. मायचा घरी एकबी फोटो न्हाई."

त्यानंतर काका लाल दिव्याला थांबले नाहीत. दोन ओळींची पानं, एका ओळीची पानं, बेधडक टाकायचे. त्यांची यादी उघडली की वरपासून खालपर्यंत लालच लाल. मी चेष्टेनं म्हटलं, "काका, आता सिग्नल तोडायलात तुमी." ते हसले नाहीत. मग मीही ती चेष्टा परत केली नाही.

शेवटचे आले ते उन्हाळा लागताना. धाप लागत होती, माझ्या माडीवरच्या दुकानाचा जिना चढून भिंतीला टेकले. "त्या बाईच्या पानावर एक ओळ घालायची राहिली," म्हणाले. "मोबाइलवर घातली असती, पण ही मोठ्यानं म्हणून घालायची हाय." मी पान उघडलं. काकांनी टेबलावर दोनदा टकटक केली. हात कानावर ठेवला. मी या वेळी हळू म्हणा असं म्हटलं नाही.

"लक्ष द्या," काका म्हणाले. आवाज पूर्वीसारखा खणखणीत लागला. रस्त्यावरचा सायकलवाला थांबून वर बघू लागला, चष्मेवाला दारात आला. "बोरीकडच्या मायबाईंनी लक्ष द्यावं. शेरडं आली. शेरडं घरी आली."

मी तेवढंच टाइप केलं. ते खाली बसले आणि पाणी मागितलं.

पावसाळ्याआधीच काका गेले. वेबसाइट आता मी बघते. त्या प्लगइनच्या नव्या आवृत्त्या येत असतात, आणि प्रत्येक आवृत्ती मला त्या पानाबद्दल पुन्हा सांगते की मजकूर फार कमी आहे. दिवा अजून लालच आहे. मी त्यात एक शब्द वाढवलेला नाही.