थाळीच्या टोल्याआधी

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि एवढं होऊनही बसलेला नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ‘दाखवा, मग मानते’ हा माझा स्वभाव. तेव्हा कृपा करून मला उतारे नि गंडेदोरे सुचवू नका... ते सगळं आमच्या नातेवाइकांनी सुचवून झालंय.

माझं माहेर इंझोरी, सासर रिठद. घरात आम्ही तिघं: मी, नवरा प्रशांत आणि सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते. गेल्या हिवाळ्यात मला सातवा महिना होता. रात्रभर अंथरुणात असायचे, पण सकाळी उठले की डोकं ठणकायचं आणि अंग मोडून आलेलं असायचं. झोपेत घुसमटून जाग यायची. एकदा फळ्यावर बेरीज लिहिता लिहिता उभ्या उभ्या डोळा लागला, खडू पडला आणि अख्खी तिसरी हसली. बीपीही वर सरकत होतं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाव्या कुशीवर झोपा, या दिवसांत असंच होतं. मी घोरते म्हटल्यावर त्याही हसल्या आणि प्रशांतही. बाई घोरते यात लोकांना एवढी गंमत कसली वाटते, मला आजवर कळलेलं नाही.

मग ठरवलं, पुरावाच देते. शनिवारी आमची सकाळची शाळा असते. दुपारी जेवून मागच्या खोलीत आडवी झाले आणि उशाशी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. थंडीमुळे पंखा बंद. प्रशांत शेतात, आत्याबाई ओसरीवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलेल्या.

संध्याकाळी ऐकलं. आधी माझं घोरणं... मग ते मधेच तुटतं. श्वास नाही, काही नाही. मी घड्याळाकडे बघत होते — पंधरा सेकंद, वीस, पंचवीस. आणि मग एकदम ठण्ण! काशाच्या थाळीवर एक टोला. त्यामागोमाग मी घशातून ओढून घेतलेला श्वास आणि पुन्हा घोरणं. पाऊण तासात असं सहा वेळा. दर वेळी आधी टोला, मग श्वास.

ही थाळी मी ओळखली. सासरची रीत अशी की घरात बाळ जन्मलं की मोठ्या बाईनं उंबऱ्यात लाटण्यानं थाळी वाजवायची, बाळानं दचकून छाती भरून श्वास घ्यावा म्हणून. एरवी ती जुन्या लुगड्यात बांधून पेटीत असते आणि बाळ येईपर्यंत गाठ सोडायची नसते. काठाला तडा आहे, त्यामुळे तिचा नाद शेवटी खरखरतो. नणंदेच्या बाळाच्या वेळी मी तो ऐकला होता. रेकॉर्डिंगमधला टोलाही तसाच खरखरत होता.

मी दोघांना रेकॉर्डिंग ऐकवलं, तशी आत्याबाईंनी कमरेची किल्ली काढून पेटी उघडली. थाळी जागेवर, गाठ जशीच्या तशी. तोवर प्रशांतनं क्लिप घरच्या ग्रुपवर टाकलीसुद्धा. मी ऐकली, तर तिच्यात फक्त टोला. आधीचं कुठे गेलं, मी विचारलं.

“थे कापलं मी. त्यात काहीच नव्हतं ना.”

“त्यात काहीच नव्हतं, हेच तं मी दोन महिन्यांपासून सांगून राह्यली.”

मग अख्खं रेकॉर्डिंग मीच ग्रुपवर टाकलं. तरी लिंबू आलं, राख आली, मानोऱ्याकडच्या कोण्या जाणकाराचा पत्ता आला. टोल्याआधी ही गप्प का पडते, हे एकानंही विचारलं नाही. मला इतका संताप आला! भुताला सगळ्या खानदानानं मनावर घेतलं, मला कोणीच नाही.

रविवारी दुपारी मीच आत्याबाईंना म्हटलं, थाळी मांडीवर घेऊन माझ्याजवळ बसा आणि कोण वाजवतं ते पाहा. त्या बसल्या. मी फोन लावून झोपले. जाग आली तेव्हा त्या माझा खांदा धरून रडत होत्या. थाळी लुगड्यातच होती आणि त्यांना टोला एकदाही ऐकू आला नव्हता. पण थाळीची राखण करायला बसलेली बाई सगळा वेळ माझ्या छातीकडे बघत राहिली होती. रेकॉर्डिंगमध्ये मात्र चार टोले होते.

सोमवारी तिघंही दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंचं पुन्हा डाव्या कुशीचं सुरू झालं. प्रशांतनं थाळी ऐकवायला फोन काढला, तर आत्याबाईंनी त्याचा हात खाली दाबला.

“थाळीचं राहू द्या बाई, थे आमी पाहू. मी माह्या डोयानं पाह्यलं, झोपेत इचा दम बंद पडते. एकदा नाही, चारदा. तुमी कागद लिहून द्या, आमी इले अकोल्याले नेतो. तवरोक मी इथून उठत नाही.”

कागद मिळाला. अकोल्याला झोपेची तपासणी झाली आणि स्लीप ॲप्निया निघाला. झोपताना नाकावर मास्क लावून हवेचं मशीन सुरू ठेवायचं. शेजारणी म्हणाल्या, सोंड लावून झोपते. म्हणू देत. पंधरा दिवसांत माझं डोकं दुखायचं थांबलं, बीपी आटोक्यात आलं आणि शाळेत खडू हातातून पडेनासा झाला. रेकॉर्डिंग मी तरीही करत राहिले. मशीनची घरघर तेवढी यायची. टोला परत कधीच आला नाही.

पोरगी वाशिमला झाली आणि आल्या आल्या दणकून रडली. तिला घरी आणलं त्या दिवशी आत्याबाईंनी उंबऱ्यात बसून लुगड्याची गाठ सोडली आणि लाटणं हातातच राहिलं. काळ्या पडलेल्या थाळीवर टिकलीएवढ्या चकचकीत खुणा होत्या, ताज्या टोल्यांच्या. माझ्या दोन रेकॉर्डिंगमधले टोले दहा. आम्ही खुणा मोजायला बसलो आणि शंभराच्या पुढे गेल्यावर सोडून दिलं.

कोण वाजवत होतं, मला माहीत नाही. प्रशांत म्हणतो खुणा जुन्याच असतील. असतील. मला एवढंच कळतं की मी सगळ्यांना सांगून थकले होते, त्या दोन महिन्यांत कोणीतरी माझा श्वास रोज मोजत होतं. तुमच्या घरात अशी थाळी नसेल. म्हणून पोटुशी बाई झोप होत नाही म्हणाली, की हसू नका. तिच्याजवळ बसा आणि बघा.