चालू गाडीवरून कुणी उतरत नाही

आमच्या गावच्या मोटारसायकल शर्यतीत वेगाला कुणी विचारत नाही. सूर्य उगवला की गाडी सुरू करायची आणि तो मावळेपर्यंत बंद पडू द्यायची नाही, एवढाच खेळ. एका गाडीवर घरातले दोघे आळीपाळीने बसतात. सिंदेवाहीच्या बाजारातून परतताना कुणाची गाडी दमदार यावरून दोन शेजाऱ्यांत जुंपली, त्यातून हे सुरू झालं म्हणतात. भांडण पुरुषांचं आणि निस्तरायचं बायकांनी, तेही तेव्हापासूनच.

आधी रस्ता मोठा होता. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांतून, तलावाला घातलेल्या मातीच्या पाळीवरून, पुढे बांबूच्या जंगलातून फिरून गावात. पाळीवर जाळी वाळत घालणारे मच्छीमार त्या दिवशी जाळी उचलून घ्यायचे आणि वर शिव्याही द्यायचे. मग वाघामुळे जंगलाचा भाग सुटला. बांध्यांतून कालवा गेला. आता पाळ आणि गाव, गाव आणि पाळ. बघणारेही जेवायला घरी जातात ते परत येत नाहीत.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून माझा नवरा आणि धाकटा दीर ही जोडी ठरलेली. माझी जागा पाळीच्या टोकाशी. एक उतरून दुसरा बसेपर्यंत गाडी मी धरायची, हलकी रेस देत राहायचं, आणि कुणीतरी चालू गाडीतच पेट्रोल ओतायचं.

गाडी बंद पडली तर कुणी हसत नाही. यंत्र आहे, म्हणतात. पण गाडी चालू असताना माणूस उतरून घरी गेला, असं आजवर झालेलं नाही. त्याला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

नवऱ्याची कंबर केव्हाच कामातून गेली. शर्यत झाली की आठवडाभर मोहाच्या बियांचं तेल चोळायचं आणि त्याचं कण्हणं ऐकायचं. यंदा चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, मणका दबलाय, आणखी हादरे बसले तर पाय जातील. बाहेर आल्यावर हा म्हणतो, "गावाले काय सांगू मी?" मला रडूही आलं आणि रागही.

तरी बसलाच. दुपारी फेरी संपवून आला तर जमिनीवर पाय टेकवता येईना. दिराने काखेत हात घालून उतरवलं आणि स्वतः निघाला. हा पाळीवर बसून राहिला. दीर परत आला, गाडी माझ्या हातात दिली. नवरा दोन्ही हात गुडघ्यांवर रेटून उठू लागला. एकदा उठताच आलं नाही. पुन्हा उठू लागला. मी थकले होते. या पाळीला, या आवाजाला, त्या तेलाच्या वासाला.

मी चावी फिरवली.

"वहिनी, काय करून राह्यल्या तुमी!" दीर ओरडला. दोन-चार माणसं धावत आली.

"बंद पडली," मी म्हटलं. "यंत्र आहे."

दिराने चावीकडे पाहिलं, मग भावाकडे. मग त्याने गाडी माझ्याकडून घेऊन स्टँडवर लावली. माणसं हळहळली आणि पांगली.

नवरा पाय ओढत जवळ आला. आता ऐकवणार, म्हणून मी मान खाली घातली. त्याने सीटवर हात टेकवला आणि मला एकटीला ऐकू येईल इतक्या हळू विचारलं, "बंद कराले इतके वर्स काऊन लावले वं?"