नजरेसाठी कडू चॉकलेट

डोळ्यांसाठी म्हणून आणलेलं कडू चॉकलेट बाबा डोळे घट्ट मिटून खायचे. समोर बसून ते पाहताना मला हसू यायचं आणि मायाही दाटून यायची. काळ्या चॉकलेटनं नजर सुधारते, असं आईला कुणीतरी सांगितलं होतं. बाबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनची धास्ती, त्यामुळे त्यांना ते लगेच पटलं. रोज जेवणानंतर आई एक तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवी आणि विचारी, "आज काही फरक?"

"आहे की! तू गोरी दिसायला लागलीस," बाबा म्हणायचे.

मन घाबरलं की आपल्या माणसानं दिलेलं काहीही औषध वाटतं. त्यात गुण पदार्थाचा किती आणि हाताचा किती, कोण सांगणार?

शेवटी मी दोघांना डॉक्टरांकडे नेलं. "आवडत असेल तर थोडं खा, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मोतीबिंदू त्यानं जात नाही. तो काढावाच लागतो."

ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टीही निघाली. घरी आल्यावर आईनं चहा पुढे केला, तर बाबा कप घेईचनात. ते तिच्या मनगटावरचे चटके बघत राहिले. काही जुने होते, काही अगदी ताजे.

"हे गं कसले?"

"तव्याचे. हल्ली कडा नीट दिसत नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, आधी तुमचं होऊ दे."

बाबांनी तिचा हात धरला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टरांची उद्याचीच वेळ घे. हिच्याबरोबर मी जाणार."