चढाचा कॅम

नवऱ्याच्या गॅरेजात इंजिनं ती उघडायची आणि नाव त्याचं व्हायचं. गिऱ्हाइकं त्याला उस्ताद म्हणायची, तिला वहिनी. काडीमोड झाल्यावर उस्ताद चारचौघांत म्हणाला, "तिला काय येतंय? मी मागेन तो पाना हातात द्यायची."

हे कानावर आलं तेव्हा ती थोरल्या भावाच्या शेडमध्ये त्याची जुनी गाडी धूत होती. भाऊ तिला लहानपणापासून ठिणगी म्हणायचा. तिनं पाण्याचा नळ बंद केला.

"दादा, ही गाडी मला दे. घाटाच्या शर्यतीत उतरवायचीय."

"तिथं दरवर्षी उस्ताद पहिला येतो."

"म्हणूनच."

सुट्या भागांच्या दुकानदारानं सगळ्यात जहाल कॅमशाफ्ट, इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, काउंटरवर ठेवला. "उस्तादानंही हाच नेलाय." तिनं तो उचलून बघितला. दांड्यावरचे उंचवटे चांगले रुंद होते. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणार, सरळ रस्त्यावर इंजिन पिसाटणार. त्याच्याच हत्यारानं त्याला लोळवावं, असा मोह तिला झाला. पण घाट म्हणजे वळणामागून वळण. प्रत्येक ठिकाणी वेग कमी करायचा आणि पुन्हा कमी वेगातून गाडी उचलायची; आणि कमी वेगातच या कॅमला दम नव्हता. तिनं मधला मागितला.

"हा तर बाजारहाटाच्या गाडीचा," दुकानदार हसला.

"बांधून द्या."

इंजिन खुणेवर आणून तिनं कॅम फिरवणारा टायमिंग बेल्ट उतरवला, जुना कॅम काढला, नव्याला ग्रीस चोपडून बसवलं. मग हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवून पिस्टनवर मऊ मातीची गोळी ठेवली, हेड आवळलं, बेल्ट चढवून इंजिन हातानं फिरवलं, हेड पुन्हा उघडलं. चेपलेल्या मातीची जाडी मोजली. व्हॉल्व्ह पिस्टनला कुठंच टेकत नव्हता. तरी तिनं सगळं परत एकदा केलं.

"अगं, किती वेळा उघडशील?" भाऊ वैतागला.

"त्याच्यासमोर बंद पडली तर मी कुठं तोंड दाखवू?"

बोल्ट आवळताना डोळ्यांपुढे उस्तादाचा चेहरा यायचा. आणखी पिळावंसं वाटायचं. पण ठरल्या जोराला पाना कट् म्हणाला की ती हात आवरायची.

शर्यतीत गाड्या एकेक करून सुटायच्या, निकाल घड्याळावर. उस्तादाची आधी सुटली. सरळ रस्त्यावर डरकाळ्या, वळण आलं की खोकला. खाली उभी राहून ती तो खोकला कान देऊन ऐकत होती, आणि तिला फार बरं वाटत होतं. मग तिची पाळी आली. प्रत्येक वळणातून गाडी कुणी मागून ढकलल्यासारखी निघाली.

ती पहिली आली. उस्ताद दुसरा.

तो हसत हसत आला. "शेवटी शिकवलं कुणी?"

भोवती त्याची नेहमीची गिऱ्हाइकं होती. तिनं मुद्दाम आवाज चढवला. "उस्ताद, तुमचा कॅम घाटाला चुकलाय. घ्यायच्या आधी मला विचारायचं होतं."

कुणीतरी फस्सकन हसलं. उस्तादाच्या कानशिलांवर लाली चढली. गर्दी पांगल्यावर ती बॉनेट उघडून इंजिन बघत होती, तेव्हा तो परत आला आणि आत वाकून हळूच म्हणाला, "कुठला घातलायस?"

तिनं त्याच्या तोंडावर बॉनेट आपटलं.

घरी जाताना भाऊ म्हणाला, "झालं ना मनासारखं? आता सोड त्याचा पिच्छा."

"एवढ्यात?" ती म्हणाली. "पुढच्या वर्षी त्यानं यायला मात्र हवं, दादा. नाही आला तर मी काय करू?"