गोधड्यांचं ऊन

निफाडात कडाक्याची थंडी येणार म्हणून नातसुनेने गोधड्या गच्चीवर उन्हात घातल्या. घरात महिन्याची पणती आहे, तिला गारठा लागता कामा नये.

मी मूळची कोकणातली. नवी नवरी असताना जास्त ऊब मिळावी म्हणून अंधार पडेपर्यंत गोधड्या बाहेरच ठेवल्या होत्या. अक्कल बघा! सगळ्या दवाने ओल्या. सासूबाई म्हणाल्या, "वाळवल्यास की भिजवल्यास गं?" ऊब वेळेत घरात आणावी लागते, हे कुडकुडत शिकले.

आज तोच टोमणा मारायला मी जिन्यात टपून बसले. चारलाच नातसून गोधड्या कवटाळून खाली आली.

"सरका आजी, गरम आहेत तोवर बाळाला गुंडाळते."

पोरगी माझ्याहून शहाणी निघाली. अभिमानाने ऊर भरून आला. शेजारणीला मात्र सांगितलं, मीच शिकवलं.